पायथनमध्ये कॉम्प्रेस केलेल्या फाइली वाचणे आणि लिहिणे: मोंढ्याच्या नोंदींच्या आधारे

परभणीच्या मोंढ्यात येणाऱ्या शेतमालाची रोजची आवक आणि भाव यांच्या नोंदी मी आमच्या शेतकरी गटासाठी गेली काही वर्षे ठेवत आलो आहे. सुरुवातीला एका बाजारपेठेचे एक वर्ष, एवढाच त्यांचा व्याप होता. पुढे लातूर, जालना, नांदेड आणि हिंगोलीचे भाव त्यात आले, त्यानंतर मराठवाड्याच्या आठ जिल्ह्यांतील ७६ तालुक्यांच्या पावसाच्या नोंदी आल्या, आणि साध्या सीएसव्ही फाइलींचा (स्वल्पविरामांनी स्तंभ वेगळे केलेल्या मजकुराच्या फाइलींचा) हा पसारा गावाकडच्या मोबाइल नेटवर्कवरून एकमेकांना पाठवणे जवळपास अशक्य झाले. फाइली कॉम्प्रेस करून, म्हणजे दाबून ठेवणे हा त्यावरचा उघड उपाय होता आणि तो आम्ही केला. तरीही गटातले बहुतेक जण एक गोष्ट हमखास करत असत: आलेली फाइल आधी हाताने उलगडायची, उलगडलेली फाइल प्रोग्रॅमला द्यायची आणि काम झाल्यावर दोन्ही तशाच पडू द्यायच्या. त्यामुळे एकाच महिन्याच्या नोंदींच्या दोन-तीन प्रती तयार होत, कोणीतरी त्यांतल्या एकीत दुरुस्ती करी, आणि खरी प्रत कोणती हे महिन्याभराने कोणालाच सांगता येत नसे.

पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत ही मधली पायरी लागतच नाही. दाबलेली फाइल जशी आहे तशीच उघडता येते, ओळीओळीने वाचता येते आणि नवीन नोंदी थेट दाबलेल्या रूपातच लिहिता येतात. ते कसे करावे, मराठी मजकुराच्या बाबतीत कोठे अडखळायला होते आणि मूळ फाइल पुसण्यापूर्वी काय तपासावे, हे पुढे सविस्तर दिले आहे. आज्ञांची आणि मॉड्यूलांची (म्हणजे पायथनच्या तयार आज्ञासंचांची) नावे येथे देवनागरीत लिहिली आहेत. संगणकावर टाइप करताना ती अर्थातच रोमन अक्षरांत टाइप करावीत. व्हेरिएबलची नावे मात्र पायथनच्या तिसऱ्या पिढीत खरोखरच देवनागरीत ठेवता येतात, आणि मी ती तशीच ठेवतो.

फाइल दाबली जाते म्हणजे काय होते

आपल्याकडच्या जिनिंग-प्रेसिंगमध्ये सरकी काढलेली रुई दाबून १७० किलोची गाठ बांधतात. गाठ सोडली की तीच रुई, तेवढ्याच वजनाची, पुन्हा हाती येते. कमी झालेली असते ती फक्त मधली पोकळी. मजकुराच्या फाइलीतली पोकळी म्हणजे पुनरावृत्ती. जीझिप ही पद्धत फाइल वाचत जाते, आणि आत्ता आलेले बाइट थोड्याच अंतरावर मागे येऊन गेले असतील तर ते पुन्हा न लिहिता ‘इतके मागे जा आणि इतके बाइट उचल’ एवढेच लिहिते. ही कल्पना लेम्पेल आणि झिव्ह यांनी १९७७ मध्ये मांडली. तिच्यावर हफमन यांच्या १९५२ सालच्या पद्धतीचा दुसरा थर चढतो, ज्यात वारंवार येणाऱ्या चिन्हांना आखूड आणि क्वचित येणाऱ्यांना लांब संकेत मिळतात. या दोहोंच्या मिश्रणाला डिफ्लेट म्हणतात. जाँ-लू गायी आणि मार्क ॲडलर यांनी १९९२ मध्ये जीझिप हा प्रोग्रॅम प्रसिद्ध केला तो याच डिफ्लेटवर उभा आहे, आणि झिप फाइलीतही बहुधा हेच डिफ्लेट असते.

देवनागरी मजकुराला याचा लाभ विशेष होतो आणि त्याचे कारण डोळ्यांनी पाहण्यासारखे आहे. ‘मराठवाडा’ या शब्दात पायथनच्या हिशेबाने आठ चिन्हे आहेत: म, र, काना, ठ, व, काना, ड आणि पुन्हा काना. यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे अक्षरे बाइटांत लिहिण्याच्या प्रचलित पद्धतीत, यांतल्या प्रत्येकाला तीन बाइट लागतात, म्हणजे एकूण २४. ‘म’चे बाइट २२४, १६४, १७४, ‘र’चे २२४, १६४, १७६, कान्याचे २२४, १६४, १९०. पुढेही तसेच: आठही चिन्हांत पहिले दोन बाइट अगदी तेच आहेत आणि बदलतो तो केवळ तिसरा. वेलांटी-मात्रा आणि पाय मोडल्याचे चिन्ह यांच्यापैकी काहींत मधला बाइट १६४ ऐवजी १६५ होतो, एवढाच फरक. रोमन अक्षराला जेथे एक बाइट पुरतो तेथे आपल्याला तीन मोजावे लागतात हे खरे, परंतु त्या तिहेरी वजनाचा बराच भाग ही निव्वळ पुनरावृत्ती असल्याने दाबताना तो निघून जातो. त्यावर नोंदींच्या फाइलीत ‘सोयाबीन’, ‘हरभरा’, ‘परभणी’ हे शब्द ओळीमागून ओळ येतच असतात.

डिफ्लेट मागे वळून पाहते ते फक्त ३२,७६८ बाइटांपर्यंत. म्हणून एकसारख्या ओळी शेजारीशेजारी असतील तर फाइल अधिक दबते. आमच्या नोंदी मी तारखेऐवजी आधी बाजारपेठेने, मग शेतमालाने आणि शेवटी तारखेने लावून घेतो. नोंदी त्याच राहतात आणि फाइल लहान होते. वाचकांनी आपल्या फाइलीवर दोन्ही क्रम लावून पाहावेत आणि आकार स्वतः मोजावा.

जे आधीच दाबलेले आहे ते पुन्हा दाबून काही मिळत नाही, हेही येथेच सांगून टाकतो. जेपीईजी छायाचित्रे, व्हिडिओ आणि एक्सेलची नवी एक्सएलएसएक्स फाइल यांवर वेळ घालवू नये. एक्सएलएसएक्स तर स्वतःच एक झिप फाइल असते. अगदी लहान मजकूरही दाबू नये. जीझिपच्या प्रत्येक भागाला सुरुवातीचे किमान १० आणि शेवटचे ८ बाइट लागतात, त्यामुळे पूर्णपणे रिकामा मजकूर दाबला तरी २० बाइट होतात.

वाचणे

जीझिप हे मॉड्यूल पायथनबरोबरच येते, वेगळे काही बसवावे लागत नाही. जीझिपने दाबलेल्या फाइलीच्या नावाला जीझेड ही शेपटी असते. वाचण्याची नेहमीची रीत अशी:

    इम्पोर्ट जीझिप

    विथ जीझिप.ओपन('भाव.सीएसव्ही.जीझेड', 'आरटी', एन्कोडिंग='यूटीएफ-८') ॲज फाइल:
        फॉर ओळ इन फाइल:
            प्रिंट(ओळ.आरस्ट्रिप())

या चार ओळींतला सर्वांत महत्त्वाचा भाग म्हणजे ‘आरटी’ ही दोन अक्षरे: ‘आर’ म्हणजे वाचणे, ‘टी’ म्हणजे मजकूर. पायथनच्या साध्या ओपनला नुसते ‘आर’ दिले, किंवा काहीच दिले नाही, तर फाइल मजकूर म्हणून उघडते. जीझिपच्या ओपनला नुसते ‘आर’ दिले तर मात्र ती कच्च्या बाइटांच्या रूपात उघडते. हा फरक माहीत नसलेल्याला पडद्यावर ‘सोयाबीन’ऐवजी उलट्या तिरप्या रेघांची आणि अंकाक्षरांची लांबलचक माळ दिसते, आणि त्याला वाटते की फाइल बिघडली आहे किंवा पायथनला मराठी येत नाही. यांपैकी काहीही झालेले नसते. एक ‘टी’ राहिलेला असतो.

दुसरी अट एन्कोडिंगची, म्हणजे बाइटांची अक्षरे कोणत्या पद्धतीने करायची ते सांगण्याची. ते न सांगितल्यास पायथन त्या संगणकाचे ठरलेले एन्कोडिंग घेतो. लिनक्सवर ते बहुधा यूटीएफ-८ असते, परंतु विंडोजवर बरीच वर्षे ते पाश्चिमात्य युरोपीय लिपीचे १२५२ क्रमांकाचे कोष्टक असते, आणि त्यात देवनागरीला जागाच नाही. त्यामुळे एकाच्या संगणकावर चालणारा प्रोग्रॅम दुसऱ्याच्या संगणकावर अडतो किंवा मराठीऐवजी भलतीच अक्षरे दाखवतो. एन्कोडिंग प्रत्येक वेळी स्वतः लिहावे, आणि आपल्या संगणकावर त्याशिवाय चालते म्हणून ते कधीही गाळू नये.

फाइल कोणीतरी एक्सेलमधून यूटीएफ-८ म्हणून जतन करून पाठवली असेल तर आणखी एक अडचण समोर येते. एक्सेल अशा फाइलीच्या अगदी सुरुवातीला डोळ्यांना न दिसणारे एक चिन्ह ठेवते. आपण शीर्षकाच्या ओळीवरून ‘तारीख’ हा स्तंभ मागतो आणि पायथन ‘तारीख’ नावाचा स्तंभच नाही म्हणून सांगतो, जरी पडद्यावर तो स्पष्ट दिसत असतो. कारण त्याच्या दृष्टीने स्तंभाचे नाव अदृश्य चिन्ह आणि त्याला जोडून ‘तारीख’ असे आहे. यावर उपाय म्हणजे वाचताना एन्कोडिंग ‘यूटीएफ-८-सिग’ असे द्यावे. चिन्ह असेल तर ते गाळले जाते, नसेल तर काहीच बिघडत नाही.

अंकांबद्दल थोडे सांगणे गरजेचे वाटते, कारण आमच्या गटात यावरून बरीच चर्चा झाली होती. काही बाजारपेठांच्या नोंदी देवनागरी अंकांत येतात. त्या इंग्रजी अंकांत बदलून घेण्याची गरज नाही. पायथनचे ‘इंट’ हे फंक्शन ‘४२५०’ हे जसेच्या तसे स्वीकारते आणि योग्य संख्या देते. मात्र ‘४,२५०’ असा स्वल्पविराम असेल तर ते अडते, मग अंक कोणत्याही लिपीतले असोत. म्हणून स्वल्पविराम आधी काढून घ्यावा.

ओळीओळीने वाचण्याचा आग्रह मी का धरतो, तेही सांगतो. ‘रीड’ ही आज्ञा एकदाच देऊन संपूर्ण मजकूर मेमरीत घेता येतो, परंतु डिस्कवर लहान दिसणारी फाइल उलगडल्यावर किती मोठी होईल याचा अंदाज बाहेरून येत नाही. डिफ्लेटमध्ये मजकूर मूळ आकाराच्या सुमारे १०३२व्या हिश्श्यापर्यंत दबू शकतो, त्यामुळे अनोळखी ठिकाणाहून आलेली एखादी लहानशी फाइल चार जीबी मेमरीचा संगणक सहज गोठवू शकते. ओळीओळीने वाचताना एका वेळी थोडाच मजकूर मेमरीत राहतो. सीएसव्ही मॉड्यूलचा ‘डिक्टरीडर’ याच उघडलेल्या फाइलीवर थेट बसवता येतो. केवळ उघडताना ‘न्यूलाइन’ला रिकामी स्ट्रिंग द्यावी, म्हणजे अवतरणचिन्हांत आलेला ओळबदल बिघडत नाही. जे पांडाज ही तक्त्यांसाठीची लायब्ररी वापरतात त्यांना तर फाइलीचे नाव दिले की पुरे: ‘रीड सीएसव्ही’ नावाच्या शेवटावरून जीझेड, झिप, एक्सझेड हे प्रकार ओळखते, आणि ‘चंकसाइझ’ दिल्यास नोंदी तुकड्यातुकड्यांनी हाती देते.

जीझेड फाइलीच्या मध्यभागी थेट उडी मारता येत नाही, ही या पद्धतीची मर्यादा आहे. गाठीच्या पोटातली रुई हवी असेल तर गाठ बाहेरून सोडत यावे लागते, तसेच येथे आहे. पायथन ‘सीक’ने हव्या जागी जाऊ देतो, पण मागे जायचे असेल तर फाइल अगदी पहिल्या बाइटापासून पुन्हा उलगडतो, आणि मोठ्या फाइलीत याला फार वेळ जातो. यासाठी आम्ही दहा वर्षांची एक फाइल ठेवण्याऐवजी दर महिन्याची वेगळी फाइल ठेवतो. २०१६ च्या एप्रिलचा, म्हणजे लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले त्या महिन्याचा भाव पाहायचा असेल तर तेवढीच फाइल उघडते.

लिहिणे, आणि अर्धवट राहिलेली फाइल

लिहिण्याची रीत वाचण्यासारखीच आहे. ‘आरटी’च्या जागी ‘डब्ल्यूटी’ येते. परंतु येथे मी स्वतः मोठे नुकसान करून घेतले आहे, म्हणून हा भाग थोडा विस्ताराने लिहितो.

सोयाबीनच्या ऐन हंगामातली संध्याकाळ होती. वर्षभराच्या नोंदी वाचून, दुरुस्त करून, त्याच नावाने पुन्हा लिहिण्याचे काम प्रोग्रॅम करत होता. मध्येच वीज गेली आणि संगणक बंद पडला. त्याला इन्व्हर्टरची जोड नव्हती. वीज आल्यावर पाहतो तर जुनी फाइल नव्हती, कारण ‘डब्ल्यूटी’ने उघडताक्षणीच जुना मजकूर पुसला जातो, आणि नवी फाइल अपुरी होती. वाचायला गेल्यावर काही हजार ओळी नीट आल्या आणि मग पायथनने ‘इओएफएरर’ देऊन सांगितले की दाबलेला मजकूर समाप्तीची खूण येण्याआधीच संपला आहे. उरलेल्या नोंदी मला गटातल्या तिघांच्या मोबाइलवरच्या जुन्या प्रतींमधून आठवडाभर बसून गोळा कराव्या लागल्या.

त्या दिवसापासून मी कोणतीही दाबलेली फाइल थेट तिच्या खऱ्या नावाने लिहीत नाही:

    इम्पोर्ट जीझिप, सीएसव्ही, ओएस

    पक्की = 'भाव.सीएसव्ही.जीझेड'
    कच्ची = पक्की + '.अर्धवट'

    विथ जीझिप.ओपन(कच्ची, 'डब्ल्यूटी', कॉम्प्रेसलेव्हल=६,
                  एन्कोडिंग='यूटीएफ-८', न्यूलाइन='') ॲज फाइल:
        लेखनिक = सीएसव्ही.रायटर(फाइल)
        लेखनिक.राइटरो(['तारीख', 'बाजारपेठ', 'शेतमाल', 'आवक', 'भाव'])
        लेखनिक.राइटरोज(नोंदी)

    ओएस.रिप्लेस(कच्ची, पक्की)

नोंदी आधी ‘अर्धवट’ या शेपटीच्या फाइलीत जातात. ‘विथ’चा भाग संपला की फाइल बंद होते, शेवटचे आठ बाइट लिहिले जातात, आणि त्यानंतरच ‘रिप्लेस’ जुन्या फाइलीच्या जागी नवी आणून ठेवते. वीज मध्येच गेली तर जुनी फाइल अबाधित राहते आणि ‘अर्धवट’ नावाची फाइल घडलेला प्रकार स्वतःच सांगते. दोन्ही फाइली एकाच ड्राइव्हवर असाव्यात, आणि विंडोजवर जुनी फाइल दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये उघडी नसावी, एवढी काळजी पुरते. ‘विथ’ न वापरता फाइल उघडून ‘क्लोज’ करायचे राहून जाणे हीही अपुऱ्या फाइलीमागची नेहमीची चूक आहे.

कॉम्प्रेसलेव्हल शून्य ते नऊ असते. शून्य म्हणजे मुळीच न दाबता ठेवणे, एक म्हणजे सर्वांत जलद आणि नऊ म्हणजे सर्वांत जास्त खटपट. पायथन ३.१२ मध्ये काहीच न सांगितल्यास नऊ घेतला जातो, तर कमांड लाइनवरचा जीझिप सहा घेतो. रोजच्या नोंदींना मी सहाच देतो. त्यापुढे वेळ वाढतो त्या मानाने आकार कमी होत नाही.

विंडोजवर ‘न्यूलाइन’ रिकामे न ठेवल्यास सीएसव्हीत प्रत्येक नोंदीनंतर एक रिकामी ओळ येते. दाबलेल्या फाइलीत ती पटकन दिसतही नाही, आणि महिन्यांनी कोणीतरी ‘नोंदी दुप्पट कशा?’ म्हणून विचारते.

रोजची एक ओळ जोडण्यासाठी ‘एटी’ हा प्रकार आहे. तो चालतो, कारण जीझेड फाइलींचे अनेक भाग एकापाठोपाठ ठेवले तरी ती वैध फाइल राहते आणि वाचताना सगळे सलग मिळते. मार्च आणि एप्रिलच्या दोन फाइली नुसत्या चिकटवल्या तरी दोन्हींचा मजकूर वाचता येतो, फक्त शीर्षकाची ओळ मध्ये पुन्हा येते. परंतु प्रत्येक जोडणीबरोबर नवा भाग सुरू होतो आणि त्या भागाला मागच्या भागातली पुनरावृत्ती वापरता येत नाही. रोज एक ओळ जोडली तर ती ओळ दबण्याऐवजी वाढते. याहून गंभीर गोष्ट अशी की आधीचा भाग अर्धवट तुटलेला असेल आणि त्यावर आपण नवीन भाग जोडला, तर वाचणारा प्रोग्रॅम त्या सांध्यावर अडकतो आणि पुढचा चांगला मजकूरही हाती लागत नाही. म्हणून चालू महिन्याच्या नोंदी साध्या सीएसव्हीत ठेवाव्यात आणि महिना संपल्यावर एकदाच दाबाव्यात. तयार फाइल दाबायची असेल तेव्हा ओळी वाचत बसण्याचीही गरज नाही: मूळ फाइल ‘आरबी’ने (‘बी’ म्हणजे कच्चे बाइट), नवी जीझिपने ‘डब्ल्यूबी’ने उघडावी आणि ‘शटिल’ मॉड्यूलच्या ‘कॉपीफाइलऑब्ज’ला दोन्ही द्याव्यात. तो तुकड्यातुकड्यांनी मजकूर इकडून तिकडे नेतो.

झिप फाइल

तालुक्याच्या कार्यालयात किंवा गटातल्या पायथन न जाणणाऱ्या सदस्याला फाइल पाठवायची असेल तर झिप बरी, कारण विंडोजवर ती दोनदा क्लिक करून उघडते. जीझेडमध्ये एकच मजकूर असतो. झिपमध्ये अनेक फाइली असतात आणि त्यांची यादी फाइलीच्या शेवटी असते, त्यामुळे हवी तेवढी एकच फाइल बाहेर काढता येते. फिल कॅट्झ यांनी १९८९ मध्ये हा प्रकार आणला.

पायथनच्या ‘झिपफाइल’ मॉड्यूलमध्ये एक गोष्ट ठळकपणे लक्षात ठेवावी: काहीच न सांगितल्यास ते फाइली दाबतच नाही, नुसत्या एकत्र बांधून ठेवते. लिहिण्यासाठी उघडताना ‘कॉम्प्रेशन=झिपफाइल.झिप_डिफ्लेटेड’ असे स्पष्ट लिहावे लागते. मी कितीतरी जणांच्या प्रोग्रॅममध्ये हे राहिलेले पाहिले आहे. झिप तयार होते, उघडते, सर्व काही ठीक दिसते, फक्त आकार तेवढाच असतो. शंका आल्यास ‘इन्फोलिस्ट’मधील प्रत्येक नोंदीचा ‘फाइल_साइझ’ आणि ‘कॉम्प्रेस_साइझ’ शेजारीशेजारी छापून पाहावा.

झिपच्या आतली फाइल बाहेर न काढता वाचायची असल्यास झिपच्या ‘ओपन’ला तिचे नाव द्यावे. हा ओपन नेहमी बाइटच देतो, त्याला ‘आरटी’ चालत नाही. म्हणून त्यावर ‘आयओ’ मॉड्यूलचा ‘टेक्स्टआयओरॅपर’ चढवून त्याला एन्कोडिंग सांगावे, म्हणजे पुढे सगळे जीझेडसारखेच होते.

आतल्या फाइलींची नावे मराठीत असतील तर कधीकधी ‘पाऊस’ऐवजी चौकटींचे तुकडे आणि ग्रीक अक्षरे दिसतात. पायथन स्वतः झिप लिहितो तेव्हा मराठी नावाजवळ ‘हे यूटीएफ-८ आहे’ अशी खूण ठेवतो, पण काही जुनी साधने ती खूण ठेवत नाहीत, आणि खूण नसली की पायथन ते नाव ४३७ क्रमांकाच्या जुन्या डॉस कोष्टकाने वाचतो. पायथन ३.११ पासून वाचण्यासाठी उघडताना ‘मेटाडेटा_एन्कोडिंग’ला यूटीएफ-८ देता येते. त्याआधीच्या आवृत्तीत बिघडलेले नाव पुन्हा ‘सीपी४३७’ने बाइटांत बदलून यूटीएफ-८ने उलगडावे, मूळ नाव यूटीएफ-८ मध्ये असेल तर ते जसेच्या तसे परत येते. फाइलीच्या आतला मजकूर जुन्या, युनिकोडपूर्व फाँटात टाइप केलेला असेल तर मात्र यांतल्या कोणत्याही उपायाने तो वाचता येणार नाही. त्यासाठी त्या फाँटाचा रूपांतरक वेगळा चालवावा लागतो.

पासवर्ड लावलेली झिप पायथनचे हे मॉड्यूल जुन्या पद्धतीची असेल तर उघडू शकते, परंतु पासवर्ड लावून झिप तयार करू शकत नाही.

इतर प्रकार थोडक्यात. ‘बीझेड२’ आणि ‘एलझेडएमए’ ही मॉड्यूले जीझिपसारख्याच ‘ओपन’ने, त्याच ‘आरटी’ आणि ‘डब्ल्यूटी’ने चालतात, म्हणून प्रोग्रॅममध्ये बहुधा केवळ मॉड्यूलचे नाव बदलावे लागते; लिहिताना एलझेडएमएला मात्र ‘कॉम्प्रेसलेव्हल’ चालत नाही, त्याऐवजी ‘प्रीसेट’ द्यावे. एलझेडएमएने लिहिलेली एक्सझेड फाइल बहुधा सर्वांत लहान होते आणि लिहायला बराच वेळ व मेमरी घेते. क्वचितच उघडायच्या जुन्या वर्षांच्या नोंदींसाठी मी तीच वापरतो. पायथन ३.१४ मध्ये झेडस्टँडर्ड ही दाबण्याची आणखी एक पद्धतही मुळातच मिळू लागले आहे, पण ती फाइल ज्याला पाठवायची त्याच्याकडे तेवढा नवा पायथन नसेल तर उपयोग नाही.

मूळ फाइल पुसण्यापूर्वी

जीझेड फाइलीच्या शेवटच्या आठ बाइटांपैकी चारांत संपूर्ण मजकुराची सीआरसी-३२ ही पडताळणीची संख्या असते आणि उरलेल्या चारांत मूळ मजकुराचा आकार. हा आकार चारच बाइटांत बसवलेला असल्याने चार जीबीपेक्षा मोठ्या मजकुराचा आकार तेथे चुकीचा दिसतो. त्यावर विसंबू नये. सीआरसीची पडताळणी पायथन आपोआप करतो, मात्र ती शेवटपर्यंत वाचल्यावरच होते. पहिल्या शंभर ओळी नीट दिसल्या यावरून फाइल चांगली आहे असे म्हणता येत नाही, आणि वाचता वाचताच बेरजा करणारा प्रोग्रॅम बिघाड कळेपर्यंत चुकीच्या ओळीही मोजून बसलेला असू शकतो. म्हणून ‘इओएफएरर’ किंवा ‘बॅडजीझिपफाइल’ आला तर तोपर्यंतचा हिशेब टाकून द्यावा.

बॅडजीझिपफाइल अगदी पहिल्याच ओळीला आला तर घाबरू नये. बहुधा फाइलीच्या नावात जीझेड असते आणि आतला मजकूर साधाच असतो, कारण वाटेतल्या कोणत्या तरी प्रोग्रॅमने तो उलगडलेला असतो. फाइल ‘आरबी’ने साध्या ओपनने उघडून पहिले दोन बाइट पाहावेत. ते ३१ आणि १३९ असतील तर ती जीझिप आहे; ८० आणि ७५ असतील तर ती झिप आहे, आणि कोणीतरी तिचे नाव बदलले आहे.

पुसण्यापूर्वीची माझी रीत अशी आहे. मूळ सीएसव्ही ‘आरबी’ने उघडून एकेक एमबीचा तुकडा ‘हॅशलिब’च्या ‘एसएचए-२५६’मध्ये घालत जातो आणि शेवटी मिळणारी ओळ, म्हणजे त्या मजकुराचा जणू अंगठ्याचा ठसा, लिहून घेतो. मग दाबलेली फाइल जीझिपच्या ‘ओपन’ने, तीही ‘आरबी’ने, उघडून तसेच करतो. दोन्ही ओळी अक्षरशः सारख्या आल्या तर दाबलेल्या फाइलीतून मूळ फाइल बाइटन् बाइट परत मिळते हे सिद्ध होते, आणि शेवटपर्यंत वाचल्यामुळे सीआरसीही तपासली जाते. झिपसाठी ‘टेस्टझिप’ ही आज्ञा आहे. ती बिघडलेल्या पहिल्या फाइलीचे नाव देते आणि सगळे ठीक असेल तर ‘नन’ देते.

ही तुलना उलगडलेल्या मजकुराची करावी, दाबलेल्या दोन फाइलींची नव्हे. जीझेडच्या सुरुवातीच्या भागात लिहिण्याची वेळ नोंदलेली असते, त्यामुळे त्याच नोंदी दोनदा दाबल्या तरी दोन फाइली बाइटांनी वेगळ्या निघतात आणि बॅकअपचा प्रोग्रॅम काहीही बदललेले नसताना सगळ्या फाइली पुन्हा पाठवत बसतो. आमच्याकडे नेट मोजून वापरावे लागते, म्हणून मी ‘जीझिपफाइल’ थेट वापरून त्याला ‘एमटाइम=०’ देतो; नाव आणि लेव्हल तीच ठेवली की त्याच संगणकावर त्याच नोंदींची फाइल प्रत्येक वेळी तीच येते. जीझिपफाइल केवळ बाइट घेत असल्याने त्यावरही टेक्स्टआयओरॅपर चढवावा लागतो, आणि बंद करताना आधी रॅपर व मग फाइल हा क्रम राहावा म्हणून दोन्ही एकाच ‘विथ’मध्ये, फाइल आधी आणि रॅपर नंतर, अशा क्रमाने लिहावेत.